फाईल उघडली, पण डेटा आला का?

आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य असतं: ‘जुना डेटाबेस नवीन आवृत्तीत रूपांतरित करण्यात आला.’ बस, एवढंच. मीही पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं. आज टीका याच वाक्यावर आहे, म्हणजे आधी माझ्यावरच.

माझ्याकडे नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयाची यादी होती. ॲक्सेस ९७ मध्ये केलेली, मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये. ॲक्सेस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ९७ ची फाईल उघडतच नाहीत. म्हणून आधी ती २०१० मध्ये उघडून नव्या स्वरूपात जतन केली, मग आजच्या ॲक्सेसमध्ये घेतली. एकही एरर नाही. फॉन्ट मशीनवर होता, त्यामुळे मराठी छान दिसत होतं. मी ‘विदर्भ’ शोधलं. उत्तर शून्य! ‘या विषयावर ग्रंथ आढळत नाहीत’ असं मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं.

चूक कुठे झाली? ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवतं, हे खरं. पण कृतिदेवमध्ये मुळात देवनागरी साठवलेलीच नसते. तिथे इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. ॲक्सेसने ती इंग्रजी अक्षरं इमानदारीने जशीच्या तशी नव्या फाईलमध्ये नेली. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम केलं. न सांगितलेलं कामही झालं, असं मी गृहीत धरलं.

पुढचा टप्पा फॉन्ट कन्व्हर्टरचा, आणि तिथेही डोळे झाकून चालत नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असेल, तर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ आवर्जून तपासा. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो! नागपूरच्या यादीत मराठी आणि हिंदी पुस्तकं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे नमुना दोन्ही भाषांतून घ्या.

मधे एक्सेल वापरणार असाल तर अजून दोन सापळे आहेत. दाखलअंक ००४१२ चा ४१२ होतो. दोन अंकी वर्ष असलेली तारीख, वर्षाचा आकडा लहान असेल तर, २००० नंतरची धरली जाते. म्हणजे १९२८ ची नोंद २०२८ मध्ये जाऊन बसते.

मग करायचं काय? मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. प्रत्येक टेबलच्या ओळी आधी आणि नंतर मोजा. रिकामे रकाने मोजा. चिठ्ठी टाकून पन्नासेक नोंदी निवडा आणि जुन्या पडद्याशी एकेक ताडून बघा. जे शब्द यादीत आहेत हे आधीच माहीत आहे, ते शोधून बघा. ते सापडले तरच ‘आढळले नाही’ या निष्कर्षाला वजन येतं.

आणि प्रबंधात ते एक वाक्य नको, एक परिच्छेद लिहा: कोणती आवृत्ती, कोणता कन्व्हर्टर, किती नोंदी तपासल्या, किती चुकल्या. चुका लिहायला लाजू नका. परीक्षक चुकांचा आकडा बघून नाराज होत नाही. आकडाच नसेल, तर मात्र त्याने तुमच्या शून्यावर विश्वास का ठेवावा?