नारायणगावची शँपेन

तळेघरात वाइनवर बोलायचं म्हणजे जरा उलटंच. इथं भातखाचरं, हिरडा आणि भीमाशंकरचा पाऊस. द्राक्षाला हा पाऊस नकोच. वेली खाली, नारायणगावकडं. पण डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावकडं जातं, तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही.

श्यामराव चौगुले यांच्या कुटुंबानं 1980च्या दशकात नारायणगावात 'शातो इंडाज' उभं केलं. तंत्र आणलं फ्रान्सच्या रँसमधल्या 1785 सालच्या पायपर-हाइडसीककडून. 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन इंग्लंड-युरोपात गेली. भारतीय वाइनकडं तिथल्या जाणकारांनी गंभीरपणे पाहावं, असं त्याआधी फारसं काही नव्हतं.

ती कशी होती? आम्हाला ती आवडायची, हे आधी सांगून टाकतो. कोरडी, फेस बारीक, शेवटी किंचित लिंबासारखी. हे सोपं नाही. दुसरं आंबवण बाटलीतच होतं, तळाशी यीस्टचा गाळ बसतो, बाटल्या हळूहळू फिरवत तो गाळ तोंडाशी आणून काढावा लागतो. त्यात आपलं ऊन! फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, पीक साधारण सप्टेंबरात निघतं. आपल्याकडं एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि द्राक्ष उतरतं जानेवारी ते मार्चमध्ये. उन्हानं साखर चढते, आंबटपणा उतरतो. फेसाळ वाइनचा तर जीवच आंबटपणात. म्हणून द्राक्ष लवकर तोडायचं. हे गणित त्यांनी सोडवलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आमची तक्रार आहे ती नावांशी. परदेशात ओमर खय्याम, इथं 'मार्किज द पाँपादूर'. एक फारशी कवी, जो मराठीत माधव जूलियनांनी आणला. दुसरी पंधराव्या लुईची प्रेयसी. कंपनीच्या नावात तर चक्क 'शँपेन'. फ्रान्समध्ये त्या प्रांताबाहेरच्या वाइनला हा शब्द लावता येत नाही, कारण तिथं नाव म्हणजे माती. फ्रेंच शातोकडून नेमकं हेच शिकायचं होतं. आपण इमारतीचं नाव घेतलं आणि गावाचं विसरलो. ज्या बाटलीनं नारायणगाव जगाला दाखवायचं, तिच्यावर मिरवत होती पाँपादूरबाई!

पुढं कंपनी फार वेगानं वाढली. ऑस्ट्रेलियातल्या वाइनरी विकत घेतल्या, 2008ची मंदी आली, कर्ज डोईजड झालं, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत गेलं. फ्रान्समधली घराणी पिढ्यान् पिढ्या तेवढ्याच उतारावर राबतात. इथं दुसऱ्या पिढीतच खेळ आटोपला. घरचा धंदा म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला शेअरबाजाराची घाई मानवली नाही, असं आमचं मत. कुणी म्हणेल, मंदी नसती तर तरले असते. असेलही.

पण यात शेतकऱ्याचं काय होतं ते बघा. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. मंडईत त्याला कोण विचारतो? वेल फळावर यायला दोन-तीन वर्षं जातात आणि घेणारा हटला की बाग तोडायची पाळी. 2001च्या राज्याच्या धोरणानं वाइनरींना उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक त्यावर उभं राहिलं. वेल लावणाऱ्याची जोखीम मात्र बरीचशी त्याच्याच बांधावर राहिली. इथून घोडेगाव, मंचरमार्गे नारायणगावला उतराल तेव्हा रस्त्याकडेच्या बागा बघा, आणि कुणाशी बोलणं झालंच तर विचारा, खायच्या द्राक्षाची की वाइनच्या.