कुणाची जमीन, कुणाचा कुंचला

ऑस्ट्रेलियात चित्र काढणाऱ्याला शैली, माध्यम, गॅलरी, घरभाडं या जगभरच्या विवंचना आहेतच. तिथली म्हणून आणखी एक आहे. समोर दिसतंय ते रंगवायचा अधिकार आपल्याला आहे का? तिथल्या डोंगराला, पाणवठ्याला, त्या पाणवठ्याच्या कथेला आणि ती कथा सांगणाऱ्या नक्षीला मालक असतात. हे मालक कुळानं आणि नात्यानं ठरतात, सातबाऱ्यानं नाही. युरोपातून आलेल्या चित्रकारांनी आणि त्यांच्या वंशजांनी हा देश दीर्घकाळ मोकळा पडलेला आहे असं समजून रंगवला. आता तसं रंगवता येत नाही. माझ्या मते तिथली आजची चित्रकला बघण्याजोगी झाली ती याच अडचणीमुळे.

ही अडचण फक्त गोऱ्यांची नाही. आदिवासी चित्रकारांनाच ती आधी भेडसावली. 1971 साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या या सरकारी वसाहतीत जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाच्या प्रोत्साहनानं तिथल्या ज्येष्ठांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं चित्र काढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. (भिंतीवरचं चित्र मात्र काही वर्षांत रंग फासून पुसून टाकण्यात आलं.) सुरुवातीच्या फळ्यांवर दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या खुणा उघड्यावर आल्या होत्या. इतर वस्त्यांतून हरकत आली आणि चित्रकार त्या खुणा झाकू लागले. आज जग ज्या ठिपक्यांच्या जाळ्याला 'आदिवासी शैली' म्हणून ओळखतं, ते दाट होत गेलं त्यामागे ही झाकाझाक हे एक मोठं कारण होतं. पुष्कळांना या ठिपक्यांत सजावट दिसते. मला पडदा दिसतो. पाहणाऱ्याच्या हाती चित्र लागतं, त्यातलं गुपित लागत नाही.

हाच पडदा डॅनियल बॉइडनं (जन्म 1982) उलटा करून वापरला. तरुणपणी त्यानं कॅप्टन कुकला डोळ्यावर पट्टी बांधून समुद्री चाचा म्हणून रंगवलं. गंमत चांगली होती, पण ती एकदाच करता येण्यासारखी. पुढचं काम कितीतरी खोल आहे. वसाहतकाळातले फोटो किंवा घरातल्या आल्बममधले क्षण तो कॅनव्हासवर उतरवतो, त्यावर पारदर्शक डिंकाचे असंख्य थेंब ठेवतो आणि उरलेली जागा काळी करतो. मूळ चित्र फक्त त्या थेंबांतून दिसतं. लांबून चेहरा जुळतो, जवळ गेलं की विखुरतो. बॉइडचे पूर्वज क्वीन्सलँडचे, आणि त्यांतले काही उसाच्या मळ्यांत राबवायला वानुआतूहून नेलेले. वाळवंटातल्या ठिपक्यांवर तो वारसाहक्क सांगत नाही. त्याचा ठिपका हे भिंग आहे. सगळं दिसणार नाही हे तो आधीच सांगून टाकतो, आणि त्याच्या चित्रातला करुण रस मला त्या अर्धवट दिसण्यात सापडतो.

अधिकाराचा सगळ्यांत गाजलेला झगडा थोडा जुना आहे, पण त्याशिवाय पुढचं कळत नाही. इमांट्स टिलर्स हा सिडनीचा चित्रकार 1981 पासून छोट्या छोट्या कॅनव्हास-फळ्या जोडून मोठी चित्रं रचतो आणि दुसऱ्यांच्या प्रतिमा उचलून त्यांत मिसळतो. ऐंशीच्या दशकात ही उचल बुद्धिमान समजली जाई. मूळ असं काही नसतंच, असा तो काळ होता. 1985 साली त्यानं 'द नाइन शॉट्स'मध्ये पापुन्याच्या मायकेल नेल्सन जगमारा यांचं 'फाइव्ह स्टोरीज' उचललं, न विचारता. जगमारांच्या दृष्टीनं त्या पाच कथा म्हणजे उसनी घ्यायची प्रतिमा नव्हती, ती जबाबदारी होती. 1990 साली आदिवासी वंशाच्या गॉर्डन बेनेट या चित्रकारानं 'द नाइन रिकोशेज' रंगवून टिलर्सला त्याच्याच पद्धतीनं उत्तर दिलं: त्याच्याकडून उचललं आणि त्याच्यावर उलटवलं. पुढे टिलर्स आणि जगमारा यांनी एकत्र चित्रं केली, ही या गोष्टीतली मोठेपणाची बाजू. बेनेटचं काय झालं ते मात्र फारसं बोललं जात नाही. आपल्यावर 'आदिवासी चित्रकार' असा शिक्का बसतोय हे पाहून तो जॉन सिटिझन या टोपणनावानं चित्रं करू लागला आणि 2003 नंतर काही वर्षं निव्वळ पट्ट्यांच्या अमूर्तात गेला. 2014 साली तो गेला तेव्हा साठीचाही नव्हता. ज्यानं हा वाद सर्वांत नेमका रंगवला त्यालाच त्या वादाचा नोकर होऊन राहायचं नव्हतं.

बंधनातून रूप कसं निघतं याचा उत्तम दाखला उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये, यिर्कलात आहे. 1963 साली इथल्या योल्ङु लोकांनी खाणकामाविरुद्ध संसदेकडे अर्ज केला तो झाडाच्या सालीवर, कडेनं आपल्या कुळांची नक्षी काढून. चित्र हा इथे जमिनीचा दस्तऐवज आहे. इथल्या कला केंद्राचा दंडक असा, की जमीन रंगवायची असेल तर जमिनीचंच साहित्य वापरा: साल, पोकळ खोड, गेरू, पांढरी माती. नोंगिर्ङा मारावीली यांनी कुळाच्या पवित्र नक्ष्या बाजूला ठेवून पाण्याचे फवारे, विजा, खडक असे स्वतःचे विषय धरले. पुढे त्यांना टाकून दिलेल्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमधली गुलाबी शाई सापडली. जमिनीवर पडलेली वस्तू जमिनीचीच, हा युक्तिवाद कुणाला खोडता आला नाही, आणि सालीवर तो भडक गुलाबी रंग आला. धाम्बित मुनुंगुर यांना अपघातात जबर दुखापत झाली. खनिज रंग वाटायची ताकद हातात राहिली नाही म्हणून त्यांना बाजारचे अ‍ॅक्रिलिक वापरायची मुभा मिळाली. त्यांनी निळा निवडला आणि तो असा काही पसरला की त्या परंपरेत निळा नव्हताच यावर विश्वास बसत नाही. माध्यमाचं पूर्ण स्वातंत्र्य घेऊन बसलेल्या शहरी चित्रकारांत इतकी धिटाई मला क्वचित दिसते.

आणि आता सॅली गाबोरी. कारपेंटेरियाच्या आखातातल्या बेंटिंक बेटावर 1924 च्या सुमाराला जन्म. 1948 साली दुष्काळ आणि समुद्राच्या उधाणानंतर मिशनऱ्यांनी बेटावरच्या कायाडिल्ट लोकांना शेजारच्या मॉर्निंग्टन बेटावर हलवलं. 2005 साली, ऐंशीच्या घरात असताना, तिथल्या कला केंद्रात त्यांनी पहिल्यांदा कुंचला धरला. 2015 मध्ये त्या गेल्या तोवर दोन हजारांवर चित्रं झाली होती. 2022 साली पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशननं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. कायाडिल्ट समाजात सपाट पृष्ठावर चित्र काढायची परंपराच नव्हती. म्हणजे झाकायला खूण नाही, परवानगी मागायला नक्षी नाही, शिकवायला गुरू नाही. त्यांच्यापाशी जागा होत्या: वडिलांची, भावाची, नवऱ्याची, मासे अडवायच्या दगडी बांधांची. ओल्या रंगावर ओला रंग चढवत त्या जागा त्यांनी रंगवल्या. पिवळा गुलाबीत शिरतो आणि कड विरते, जणू भरतीचं पाणी चढतंय. मध्येच पांढरा भलामोठा तुकडा येतो, त्याला मिठागर म्हणावं की उजेड, कळत नाही. या चित्रांना अमूर्त म्हणणं सोयीचं आहे, पण ते साफ चूक. ज्या बेटावरून उचलून नेलं त्या बेटाची ती मोजणी आहे.

एमिली काम कंग्वारे यांचं नाव याच ओघात घेतात, आणि घ्यायलाच हवं. युटोपिया भागातली ही बाई आधी बाटिक करी. 1988 च्या सुमाराला, सत्तरी उलटल्यावर, कॅनव्हासकडे वळली आणि 1996 पर्यंतच्या आठ वर्षांत सुमारे तीन हजार चित्रं केली. हा वेग पाहता सगळी सारख्या ताकदीची असणं शक्यच नाही, आणि नाहीतही. दलालांची रीघ लागली होती. मागणीला पुरवठा झाला. पण 1995 चं 'बिग याम ड्रीमिंग', आठ मीटर रुंद, काळ्यावर फक्त पांढरी रेषा, जमिनीखाली कंदाच्या मुळ्यांसारखी गुंतत गेलेली, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या थोर चित्रांपैकी एक आहे. त्यासाठी तिला कुठल्या अमेरिकन अमूर्तवाद्याशेजारी बसवण्याची गरज नाही. समीक्षकांना ती खोड अजून गेलेली नाही.

2023 साली अधिकाराचा प्रश्न कुंचला धरलेल्या हातापर्यंत आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एपीवाय या आदिवासी प्रदेशाच्या कला केंद्रांत गोरे कर्मचारी चित्रांत हात घालतात, असा आरोप एका राष्ट्रीय वृत्तपत्रानं केला. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीनं ठरलेलं मोठं प्रदर्शन पुढे ढकललं. स्वतंत्र चौकशीत त्या प्रदर्शनातली चित्रं गॅलरीच्या निकषांवर उतरली, तरी संशय मागे राहिला. युरोपात रूबेन्सच्या कारखान्यात शिष्य कपडे आणि आकाश रंगवत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग इथेच का, असं विचारणारे भेटतात. मला ही तुलना पटत नाही. रूबेन्स सही विकत होता. इथे चित्रकार आपल्या कथेची ग्वाही देत असतो, आणि ग्वाही दुसऱ्यानं देऊन चालत नाही. मात्र अ‍ॅक्रिलिकचा डबा उघडून देणं आणि चित्रात रेघ ओढणं यांत फरक न करणारी वर्तमानपत्री आरडाओरडही ऐकण्यालायक नव्हती.

गोऱ्या चित्रकारांत या प्रश्नाला सरळ भिडलेला म्हणजे बेन क्विल्टी. रंगाचे थर इतके जाड की चेहरा थापल्यासारखा दिसतो. 2011 साली तो युद्धचित्रकार म्हणून अफगाणिस्तानात गेला. परतल्यावर त्यानं सैनिकांना स्टुडिओत बोलावलं आणि कपड्यांविना बसवलं, ज्या पवित्र्यात त्यांचं युद्ध त्यांच्या अंगात उरलंय तो पवित्रा घ्यायला सांगितलं. ही त्याची सगळ्यांत खरी चित्रं. निसर्गचित्र ओल्या रंगात करून त्यावर दुसरा फलक दाबून जोडप्रतिमा काढायची, अशी त्याची दुसरी मालिका. त्यात 1838 च्या मायल क्रीक हत्याकांडाची जागा आहे. कल्पना म्हणून ती चपखल आहे: सुंदर देखावा दुमडला की डाग होतो. पण कल्पना कळली की चित्र संपतं. सैनिकांचं तसं होत नाही.

क्विल्टीला घराघरांत नेलं ते मात्र आर्चिबाल्ड पारितोषिकानं. 1921 पासून न्यू साउथ वेल्सची आर्ट गॅलरी ते देते, आज रक्कम 1 लाख डॉलर. व्यक्तिचित्रासाठी हे पारितोषिक, निवडतात विश्वस्त, समीक्षक नव्हेत. दर वर्षी नऊशेच्या आसपास चित्रं येतात, देशभर पैजा लागतात. 1944 साली विल्यम डोबेलचं विजेतं चित्र व्यक्तिचित्र आहे की व्यंगचित्र, यावर कोर्टात खटला चालला होता. तेव्हापासून भांडण हाच या सोहळ्याचा आत्मा आहे. त्यानं एका देशाला चित्रांबद्दल बोलायला लावलं हे खरं. पण बोलणं होतं ते चित्रातल्या प्रसिद्ध माणसाबद्दल, आणि तरुण चित्रकार मोठा चेहरा, ओळखीचा चेहरा, मोठा कॅनव्हास या वाटेला लागतात.

2020 साली विन्सेंट नामाजिरा हे पारितोषिक मिळवणारा पहिला आदिवासी चित्रकार ठरला. त्याचे पणजोबा आल्बर्ट नामाजिरा जलरंगात मध्य ऑस्ट्रेलिया रंगवून देशभर प्रसिद्ध झाले, 1959 साली खचून वारले, आणि त्यांच्या चित्रांचा स्वामित्वहक्क सरकारी विश्वस्तानं 1983 साली एका प्रकाशकाला 8,500 डॉलरला विकला. कुटुंबाला तो परत मिळायला 2017 उजाडलं. पणतू राणीला, कुकला, खाणमालकांना आणि स्वतःला एकाच ओबडधोबड, हसऱ्या कुंचल्यानं रंगवतो. 2024 मध्ये अब्जाधीश खाणमालक जीना राइनहार्ट यांना विन्सेंटनं काढलेलं आपलं चित्र नॅशनल गॅलरीतून हटवून हवं असल्याच्या बातम्या आल्या आणि ते चित्र जगभर पोचलं. त्या बेढब चेहऱ्यांत सूड शोधू नये. विन्सेंट स्वतःलाही तितकाच बेढब काढतो.

या गदारोळाच्या बाहेर सिडनीच्या नैर्ऋत्येला वेडरबर्नच्या जंगलात एलिझाबेथ कमिंग्ज (जन्म 1934) गेली कित्येक दशकं रंग लावते, खरवडते, पुन्हा लावते. टेबल, किटली, खिडकी आणि खिडकीबाहेरचं रान एकाच पातळीवर येतात. ती जमिनीवर हक्क सांगत नाही, आपण कुठून पाहतोय एवढंच दाखवते. तिचा खरा मान तिला उतारवयात मिळाला. ही ऑस्ट्रेलियातली नेहमीची कथा आहे. 2024 च्या एका मोठ्या पाहणीत तिथल्या व्यावसायिक कलावंतांची निव्वळ कलेतली सरासरी वार्षिक कमाई 23,200 डॉलर निघाली. बाकीचं शिकवून, नोकरी करून.

पैशाचा विषय निघाला की क्लिफर्ड पॉसम जापालजारीचं 'वार्लुगुलोंग' आठवावं लागतं. 1977 चं हे चित्र एका बँकेनं 1,200 डॉलरला घेतलं आणि कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात टांगलं. 2007 साली ते लिलावात 24 लाख डॉलरला गेलं. चित्रकार पाच वर्षांपूर्वीच वारला होता आणि त्याच्या वारसांना त्यातला वाटा देणारा कायदाच नव्हता. तो 2009 साली झाला: 2010 पासून 1,000 डॉलर किंवा त्याहून वरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला, त्याच्यामागे वारसांना 5 टक्के. हा कायदा एका माणसाला ओळखतो, कुळाला नाही. स्वामित्वहक्काचा कायदाही तसाच, आणि नक्कल केलेल्या आदिवासी नक्षीच्या भेटवस्तू या फटीतूनच बाजारात येतात. 2023 च्या सांस्कृतिक धोरणात सरकारनं यासाठी स्वतंत्र कायद्याचं आश्वासन दिलं. पण सामुदायिक नक्षीचा मालक कोर्टात नेमका कोण म्हणून उभा राहणार, यावर कायदेपंडित आणि कला केंद्रं यांची चर्चा लांबतेच आहे.