उत्तरायुष्याची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

आपल्या पाळकवर्गात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बहुधा रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणूनच वाचली जातात. प्रवचनास दाखला हवा असला म्हणजे ग्रंथ फडताळातून खाली येतो, टिळकांच्या औदार्याचा एखादा प्रसंग पुरवितो आणि पुन्हा वर जातो. या वापराने ग्रंथाचे काही बिघडत नाही. आपले मात्र बिघडते. पन्नाशी उलटलेल्या ख्रिस्ती माणसाने कशासाठी जगावे, या प्रश्नाचे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक उत्तर या ग्रंथात आहे, आणि ते टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पांढुर्णा व सौंसर या भागात सेवा करणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे. जी वृद्धा मराठीत प्रार्थना करावयास शिकली, तिची नातवंडे हिंदीत शिकतात आणि मिळवता मुलगा पुष्कळदा नागपुरास असतो. अशा घरी उपदेशक जातो, प्रकृती विचारतो, एक स्तोत्र वाचतो आणि प्रार्थना करून उठतो. तिला काही सांगावयाचे होते काय, हे विचारावयाचे राहून जाते. याला आपण सांत्वन म्हणतो.

उत्तरायुष्याचा विषय निघाला की टिळकांचे नाव घेतले जाते, व ते योग्यच आहे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका मिशनरी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. 9 मे 1919 रोजी त्यांचे देहावसान झाले. हे उत्तरायुष्य तेजस्वी खरे. पण आपल्या श्रोत्यांपैकी किती जणांजवळ सोडण्यासारखा पगार आहे? शिवाय वानप्रस्थ व संन्यास यांच्या कल्पना या भूमीत इतक्या मुरल्या आहेत की, टिळकांचा त्याग ऐकताना ख्रिस्ती मनही ‘म्हातारपण म्हणजे सोडणे’ असे समीकरण सहज मांडते.

लक्ष्मीबाईंजवळ सोडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. 1868 चा जन्म, बालपणीच लग्न, पती ख्रिस्ती झाल्यावर ताटातूट, 1900 मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर वैधव्य. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरओळख घरीच झालेली. त्यानंतर त्या सतरा वर्षे जगल्या. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या अध्यायांशीच थांबले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय रचून त्यांनी ते पूर्णतेस नेले. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते म्हणून त्यांना आठवणी लिहून द्यावयास घेतल्या, त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ झाली. 1934 पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. दोन्ही कामे दुसऱ्यासाठी हाती घेतलेली. ‘माझ्या जीवनाचा हेतू काय’ असा प्रश्न मांडून त्या बसल्या नाहीत.

खरे मर्म मागे वळून पाहण्याच्या रीतीत आहे. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला, तो प्रसंग आपण आवडीने सांगतो. परंतु त्यापूर्वीची आपली सोवळ्याची धडपडही त्या झाकीत नाहीत, तिला हसतात. टिळकांचा संताप, पैशाविषयीची त्यांची बेफिकिरी, स्वतःचा हट्ट, सारे तेथे आहे. पण फिर्याद नाही व सारवासारवही नाही. या ग्रंथात विनोद फार आणि बोध थोडा, असा आक्षेप धर्मसेवकांकडून ऐकू येतो. तो मला मान्य नाही. पतीला क्षमा केल्याचे लक्ष्मीबाई कोठे जाहीर करीत नाहीत. मात्र मनात अढी धरून माणसाविषयी असे हसता येत नाही. पश्चात्तापावरील आपल्या कित्येक प्रवचनांत इतका पश्चात्ताप नसतो.

ग्रंथात उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. बहुतेक पृष्ठे टिळकांच्या हयातीतील दिवसांनी भरली आहेत. वैधव्यानंतरच्या वर्षांना त्या मानाने जागा थोडी मिळाली. चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. 1936 मध्ये त्या निवर्तल्या आणि देवदत्तांनी तो पुरा केला. त्यामुळे एकटेपणात त्यांची प्रार्थना कशी चाले, 1933 मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविताना या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या स्त्रीच्या मनात काय आले, हे त्यांच्या लेखणीतून विस्ताराने वाचावयास मिळते तर बरे झाले असते. त्यांचे उत्तरायुष्य मुख्यतः सांगणाऱ्या आवाजात ऐकावे लागते.

संत्र्याचा बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे पांढुर्ण्याच्या बागाईतदारांस सांगावयास नको. ही उपमा मात्र अधिक ताणू नये. वैधव्य हे काही कोणी फळासाठी योजलेले नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्राला त्याच्या वार्धक्याविषयी जे सांगितले आहे, त्यात फळाचे वचन नाही. दुसरा नेईल तिकडे जाणे आहे, आणि त्यानंतर लगेच मागे येण्याची आज्ञा आहे.

सौंसरकडील एखाद्या उपदेशकाने पुढच्या भेटीस जाताना एक कोरी वही न्यावी, वृद्धेजवळ बसावे आणि तिच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, त्या दिवशी कोण रडले, हे तिला तिच्या मराठीत सांगू द्यावे. स्तोत्र त्यानंतर वाचता येईल.