सैनिकांच्या गोष्टीत काय राहून जाते?

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ ही उपमा वर्गात हमखास वापरली जाते. ती निराधार नाही. १८८२ मध्ये मेसिना येथे मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचला, तेव्हा त्याभोवती पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. पण आमची हरकत अशी, की ही गोष्ट जंतू गिळल्यावर संपते. महत्त्वाचे काम तर तेथून पुढे सुरू होते.

गिळलेल्या जंतूची प्रथिने पेशीतील आम्लधर्मी पिशव्यांत विकरांमुळे तुटतात. साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचे तुकडे ‘एमएचसी’ प्रथिनाच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मदतनीस टी-पेशी अखंड जंतू ओळखत नाही. ती खाचेतला हा तुकडा ओळखते. स्टाइनमन व कोहन यांनी १९७३ मध्ये वर्णन केलेल्या डेंड्रायटिक पेशी या मांडणीत सर्वांत तरबेज. त्या असे तुकडे लसीकाग्रंथीपर्यंत नेतात.

हिपॅटायटिस-बीच्या लशीत विषाणू नसतोच, त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन तेवढे असते. मग सैनिक लढतात कोणाशी? एखाद्या विद्यार्थिनीने असे विचारले, तर सैनिकांची उपमा निरुत्तर होते. तुकडे करून दाखवण्याची प्रक्रिया माहीत असेल, तर उत्तर सोपे आहे : लढाईआधी ओळख पटावी लागते आणि ओळखीला एक प्रथिनही पुरते.

उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. फळ्यावर जंतू गिळणाऱ्या पेशीशेजारी, टी-पेशीला तुकडा दाखवणारी पेशीही काढावी, एवढेच.