दगड कोणाच्या परवानगीने? : ‘घाशीराम कोतवाल’ आणि सत्ताधाऱ्यावरील शारीरिक निषेधाचा प्रश्न

सारांश

नकोशा झालेल्या राजकीय व्यक्तीवर शाई, जोडा वा दगड फेकणे, तिला थप्पड मारणे हा निषेधाचा मार्ग कधी समर्थनीय ठरतो काय, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः कायदा किंवा शिष्टाचार यांच्या चौकटीत होते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात हा प्रश्न सत्तेच्या रचनेच्या अंगाने मांडलेला आढळतो. प्रस्तुत लेखात नाटकातील जमावाच्या वर्तनाचे विश्लेषण करून त्याच्या प्रकाशात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील दोन प्रसंग आणि अलीकडच्या दोन घटना तपासल्या आहेत.

बीजशब्द : शारीरिक निषेध, जमाव, सत्ता, तेंडुलकर, संयुक्त महाराष्ट्र

प्रास्ताविक

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांमुळे हे नाटक मराठी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून त्याला तीव्र विरोध झाला. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने प्रयोग थांबविले आणि त्यातून 1973 मध्ये थिएटर अकॅडमी ही नवी संस्था उभी राहिली.

या नाटकावरील समीक्षेचा मोठा भाग दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला आहे. नाना ऐतिहासिकदृष्ट्या असे होते काय, हा एक. आणि लोकनाट्याच्या घटकांचा तेंडुलकरांनी कसा उपयोग केला, हा दुसरा. हे नाटक ऐतिहासिक नाही, विशिष्ट समाजस्थिती घाशीराम कसे निर्माण करते हे त्यात दाखवायचे आहे, अशी भूमिका तेंडुलकरांनी स्वतःच घेतली होती. त्यामुळे घाशीरामाच्या निर्मितीची चर्चा पुष्कळ झाली. त्याच्या अंताची त्या मानाने कमी झाली. वस्तुतः नाटकाचा शेवट म्हणजे एका द्वेषास पात्र झालेल्या अधिकाऱ्याला जनतेने भर रस्त्यात दिलेले देहदंडाचे शासन आहे. तो न्याय आहे काय, हा प्रश्न नाटक प्रेक्षकापुढे टाकते आणि त्याचे सरळ उत्तर देत नाही.

जमावाचे दोन प्रहार

नाटकात घाशीरामाला मार खावा लागण्याचे प्रसंग पूर्वार्धात आणि अखेरीस येतात. पूर्वार्धात तो पुण्यात पोट भरायला आलेला कनोजी ब्राह्मण आहे. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण होते आणि शहराबाहेर हाकलले जाते. याच अपमानातून तो पुण्याचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. पुढे पोटची पोर नानांच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो आणि प्रतिज्ञा खरी करतो. अखेरीस कोंडलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मरतात, पुणेकर खवळतात, नानांकडे धाव घेतात, नाना हुकूम देतात आणि घाशीराम दगडांखाली मरतो. इतिहासातील कोतवाल घाशीराम सावळदास याचाही अंत 1791 मध्ये पुण्यात असाच झाला होता.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. घाशीराम निर्बल असताना त्याला मारणारे हात उठतात आणि तो पुन्हा निर्बल झाल्यावर उठतात. मधल्या काळात, म्हणजे तो खरोखर सत्ताधीश असताना, घरात शिरून, परवाने तपासून, निरपराधाला दिव्य करायला लावून तो शहर हैराण करीत असताना, त्याच्यावर एकही दगड पडत नाही. दगड तेव्हाच सुटतात, जेव्हा नानांनी त्याच्यावरील आपले छत्र काढून घेतलेले असते. जमावाचा संताप खरा आहे, त्याला सबळ कारण आहे. तथापि त्या संतापाचे दगडात रूपांतर होण्याचा क्षण जमावाने ठरविलेला नाही. तो वरून ठरला आहे.

घाशीरामाचे अखेरचे भाषण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. तो दयेची याचना करीत नाही. तो जमावाला आणखी मारा म्हणून आव्हान देतो, कारण आपण खरे कोणाच्या हातचे बाहुले होतो आणि त्यासाठी मुलीचा बळी दिला, हे त्याला उमगले आहे. जमावाला मात्र ते उमगलेले नाही. त्याच्या प्रेतासमोर नाना येतात, पुण्यावरचे संकट टळल्याचे जाहीर करतात आणि तीन दिवस उत्सवाचा आदेश देतात. ज्यांनी दगड फेकले तेच नाचू लागतात. कोतवाल मेला, कोतवाली ज्याच्या हातून मिळते तो हात जागच्या जागी राहिला.

भिंत आणि जमाव

नाटकाच्या प्रयोगरूपाने हाच आशय अधिक धारदार केला आहे. ब्राह्मणांची रांग येथे कधी पडदा होते, कधी भिंत, कधी बाग, कधी गर्दी. ही लवचिकता रंगतंत्र म्हणून नेहमी वाखाणली जाते. तिचा नैतिक अर्थ असा की, सत्ताधीशाचे वर्तन पाठीआड झाकणारी भिंत आणि पुढे दगड हाती घेणारा जमाव यांत माणसे तीच आहेत. ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, तेच शेवटी न्यायाधीश होतात. शारीरिक निषेधाचे मोठे आकर्षण येथे दिसते. ती एकच कृती आधीच्या दीर्घ मौनाची भरपाई झाल्याचे समाधान देते. जो दगड मारतो त्याला ‘तू आजवर काय करीत होतास?’ असे कोणी विचारीत नाही.

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की पेशवाईत दुसरा मार्ग तरी कोणता होता? निवडणूक नव्हती, स्वतंत्र न्यायसंस्था नव्हती, वृत्तपत्र नव्हते. आक्षेप रास्त आहे. जेथे तक्रारीची प्रत्येक वाट बंद आहे तेथे उचललेला हात आणि जेथे वाटा खुल्या आहेत तेथे उचललेला हात यांना एकच मापदंड लावता येणार नाही. मात्र नाटक जमावाला अनैतिक ठरविण्यापाशी थांबत नाही. ते असे दाखवते की, वाट नसतानाही दगड पोचतो तो हाताशी असलेल्या माणसापर्यंत, दोषाच्या मुळापर्यंत नव्हे.

चौपाटी आणि प्रतापगड

लोकशाहीत हा प्रश्न कसा बदलतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासातच दोन प्रसंग शेजारी ठेवता येतात. 20 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, या आशयाच्या त्यांच्या उद्दाम विधानांनी लोक संतप्त झाले, दगड आणि जोडे फेकले गेले आणि सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा जण मृत्युमुखी पडले. चळवळीच्या पुढील टप्प्यांत बळींची संख्या शंभरावर गेली.

दुसरा प्रसंग 30 नोव्हेंबर 1957 चा. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंतप्रधान नेहरू येणार होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने निषेधाची हाक दिली. वाई आणि पसरणी घाटाच्या परिसरात प्रचंड जनसमुदाय काळी निशाणे घेऊन उभा राहिला. राग दोन वर्षांत ओसरला नव्हता; उलट हुतात्म्यांच्या आठवणीने तो अधिक खोल झाला होता. तरीही निदर्शने शांततेत पार पडली. ज्याच्या विरोधात लोक उभे होते तो त्यांच्या मधून गेला आणि त्याला त्यांची संख्या पाहावी लागली.

चौपाटीच्या उद्रेकाने लोकभावनेची तीव्रता दिल्लीपर्यंत पोचविली, असे म्हणता येईल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या उद्रेकाचा प्रतिवाद सत्तेला सोपा होता. तो तिने बंदुकीने केला आणि ज्यांनी जोडा फेकला नव्हता त्यांनीही त्याची किंमत मोजली. त्यापूर्वी त्याच वर्षी झालेल्या 1957 च्या निवडणुकीत समितीने मिळविलेल्या यशाचा आणि प्रतापगडाच्या निदर्शनांचा प्रतिवाद बंदुकीने करता येण्याजोगा नव्हता. 1 मे 1960 रोजी राज्य अस्तित्वात आले, त्यामागे हे बळ अधिक होते. प्रतापगडचा निषेधही शारीरिकच होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. माणसे देहाने घाटात उभी होती. फरक इतकाच की त्यांनी स्वतःचा देह पणाला लावला होता, दुसऱ्याचा लक्ष्य केला नव्हता.

दुर्बलांचे शस्त्र?

शारीरिक निषेधाचे सर्वांत प्रभावी समर्थन असे की ते दुर्बलांचे शस्त्र आहे. ज्याच्याकडे वृत्तपत्र नाही, पैसा नाही, पक्ष नाही, त्याच्याकडे शाईची बाटली असते. हे समर्थन ऐकायला न्याय्य वाटते. इतिहास मात्र त्याला साथ देत नाही. मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर शेण आणि चिखल फेकणारे हात दुर्बलांचे नव्हते. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींना लक्ष्य करून 25 जून 1934 रोजी पुण्यात बाँब टाकला गेला, तोही दुर्बलांच्या कैवारासाठी नव्हता. देहावर हल्ला करण्याची मुभा एकदा मान्य झाली की तिचा लाभ संख्येने, जातीने वा संघटनेने प्रबळ असणारा अधिक घेतो. शस्त्र दुर्बलाचे म्हणून मिरवले जाते. चालवण्याची सोय सबळाला असते.

अलीकडच्या घटनांतून आणखी एक परिणाम स्पष्ट होतो. 24 नोव्हेंबर 2011 रोजी दिल्लीत तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांना एका तरुणाने थप्पड मारली. महागाई आणि भ्रष्टाचार यांविषयीचा राग त्याने बोलून दाखवला. पुढील दिवसांत चर्चा झाली ती थप्पडीची. महागाईचा प्रश्न मागे पडला. 10 डिसेंबर 2022 रोजी पिंपरी-चिंचवड येथे मंत्री चंद्रकांत पाटील यांच्या तोंडावर शाई फेकली गेली. फुले, आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळांसाठी भीक मागितली, असे विधान त्यांनी केले होते. लोकवर्गणी आणि भीक यांतील भेद हा महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे आणि तो सविस्तर चर्चिला जायला हवा होता. शाई पडताच वाद शाईचा झाला.

त्याच वेळी शासनाची प्रतिक्रियाही तपासावी लागते. शाई फेकणाऱ्यांवर आरंभी खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले गेले. ते पुढे वगळण्यात आले. शाईला खुनाचा प्रयत्न म्हणणारी सत्ता आणि शाईला क्रांती म्हणणारा कार्यकर्ता हे दोघेही त्या कृतीचे मोल फुगवून सांगत असतात. अन्याय्य कृतीलाही तिच्या प्रमाणातच शिक्षा व्हावी, हा आग्रह शारीरिक निषेध नाकारणाऱ्यानेच अधिक धरला पाहिजे.

लेखक आणि त्याची कृती

गुजरातमधील 2002 च्या हिंसाचारानंतर आपल्या हाती पिस्तूल असते तर नरेंद्र मोदींवर गोळी झाडली असती, अशा आशयाचे उद्गार स्वतः तेंडुलकरांनी काढले होते. त्यावर मोठे वादळ उठले. ती उत्स्फूर्त संतापाची प्रतिक्रिया होती आणि संतापाने प्रश्न सुटत नाहीत, असे त्यांनी नंतर सांगितले. हिंसेचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या लेखकालाही तो आवेग टळला नाही, याकडे विरोधकांनी दांभिकता म्हणून बोट दाखवले. समीक्षेने त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला हवे. तेंडुलकरांचा उद्गार जमावातल्या माणसाचा आहे. नाटक मात्र त्या माणसाच्या वरच्या पायरीवर उभे राहून जमाव, कोतवाल आणि नाना या तिघांनाही एकाच वेळी पाहते. कृती लेखकापेक्षा शहाणी ठरल्याचे हे उदाहरण आहे. संताप अटळ असतो, म्हणून तो प्रमाण ठरत नाही.

समारोप

राजकीय व्यक्तीच्या देहावरील प्रहार कधीच समर्थनीय नाही, हे वाक्य सत्ताधाऱ्याने उच्चारले तर ते आत्मसंरक्षण ठरते. ते उच्चारण्याचा अधिकार त्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा मोर्चा अडवला जात नाही, काळे निशाण हिसकावले जात नाही आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. या वाटा खुल्या ठेवणे ही निषेधकर्त्यांच्या संयमाइतकीच शासनाचीही जबाबदारी आहे.

नागरिकाच्या बाजूने पाहता, ‘घाशीराम कोतवाल’ अहिंसेचा उपदेश करीत नाही. ते फक्त हिशेब मांडते. दगड पडला तेव्हा कोण मेला, कोण वाचला आणि दगड उचलायची परवानगी कोणी दिली, एवढेच ते विचारते. हाती शाई वा जोडा घेणाऱ्याने हे तीन प्रश्न स्वतःला विचारले तर बहुतेक वेळा त्याला असे आढळेल की, ज्याच्यापर्यंत आपला हात पोचतो तो कोतवाल आहे आणि नानांपर्यंत पोचण्यासाठी दगडापेक्षा लांब पल्ल्याचे साधन लागते. मतदान, संघटन, लेखन आणि प्रतापगडच्या घाटासारखे निमूट उभे राहणे ही ती साधने होत. ती संथ आहेत. परंतु त्यांच्या वापरानंतर उत्सव जाहीर करण्याची संधी नानांना मिळत नाही.