१७३३ ची आतषबाजी आणि वीस झेरॉक्स

जपानमधल्या उन्हाळी आतषबाजीवर, म्हणजे हानाबीवर, काहीही वाचायला घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ही गोष्ट येतेच: १७३२ मध्ये मोठा दुष्काळ पडला, एदोत (आजचं टोकियो) रोगराईनं माणसं मेली, म्हणून १७३३ मध्ये शोगुन तोकुगावा योशिमुनेनं सुमिदा नदीवर मृतांसाठी विधी केला आणि आतषबाजी उडवली. आजच्या सुमिदागावा महोत्सवाचं मूळ म्हणे हेच.

छान आहे. पण रिसर्चला बसणार असाल तर आधी विचारा, हे कुणी आणि कधी लिहून ठेवलं? जपानमधल्या अभ्यासकांनी हेच विचारलं, तेव्हा त्या काळातल्या कागदपत्रांत आधार सापडला नाही. गोष्ट या रूपात दिसते ती शतकाहून जास्त काळानं, मेइजी काळापासून पुढच्या लिखाणात. मग एकानं दुसऱ्याचं उतरवलं. तुम्हाला वीस संदर्भ दिसतात, पण ते वीस पुरावे नव्हेत. एकाच पानाच्या वीस झेरॉक्स आहेत.

गोष्ट पटते, कारण तिचे तुकडे खरे आहेत. दुष्काळ खरा, पण मुख्य तडाखा पश्चिम जपानला, पिकावरच्या किडीमुळे. एदोत तांदूळ महागला, १७३३ च्या सुरुवातीला दंगलही झाली. आतषबाजी तर तिथं आधीपासूनच होती. आगी लागतात म्हणून सरकार नदीकाठ सोडून बाकी शहरात मनाई करत होतं. त्यात उन्हाळा म्हणजे ओबोनचा, पितरांच्या आठवणीचा काळ. सगळं जुळतं हो! फक्त या तुकड्यांना जोडणारा ‘म्हणून’ कुणी सिद्ध केलेला नाही. आणि ‘अखंड परंपरा’ म्हणाल, तर १९६१ नंतर खंड पडून आजचा महोत्सव १९७८ मध्ये सुरू झालाय.

आता नागाओका बघा. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री तिथं बॉम्बहल्ला झाला, जवळपास १,५०० माणसं गेली. वर्षभरातच, १९४६ मध्ये, शहरानं पुनरुभारणीचा उत्सव सुरू केला. आजही १ ऑगस्टला रात्री साडेदहाला, हल्ला सुरू झाला त्याच वेळेला, पांढरी आतषबाजी उडते. इथं मृतांशी असलेलं नातं तारीख, वेळ, माणसं यांवरून तपासता येतं. दोन्ही उदाहरणं एका वाक्यात ‘शोकातून जन्मलेली परंपरा’ म्हणून कोंबणारा लेख मला तरी कच्चा वाटतो. सुमिदाची गोष्ट टाकून द्या असं नाही. उलट, मेइजीनंतरच्या लोकांना ती का हवीशी वाटली, हा जास्त चांगला प्रश्न आहे. प्रपोजलमध्ये तो लिहा.

जाता जाता थोडं केमिस्ट्रीचं. १७३३ च्या गोष्टीसोबत लाल-हिरव्या फुलांची चित्रं छापतात. एदोच्या दारूकामात सोरा, गंधक, कोळसा. त्यातून मिळायचा नारिंगी-पिवळसर उजेड. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा हे रंग मेइजी काळात, पोटॅशियम क्लोरेटसारखी रसायनं बाहेरून आल्यावर दिसू लागले. हिरोशिगेचं १८५८ चं र्‍योगोकूच्या आतषबाजीचं चित्र बघा: गडद आकाश, फिकट ठिणग्या, बस्स.