८७ टक्क्यांच्या भावना

कोर्टाच्या निकालावर समीक्षा लिहितात का? लिहावी. निकाल हेही लेखनच. कविता फसली तर कवीची नाचक्की होते, निकाल फसला तर दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लागतं, फरक एवढाच.

रातपाळी करून आल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन मी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा २० सप्टेंबर १९९४ चा निकाल वाचून काढला. ऑटो-प्रेमिंजर-इन्स्टिट्यूट विरुद्ध ऑस्ट्रिया. भानगड अशी. इन्सब्रुक शहरात या संस्थेचं थिएटर. मे १९८५ मध्ये तिथं श्रोएटरच्या 'दास लीबेसकोंत्सील' सिनेमाचे सहा खेळ ठरले. एक सोडून सगळ्यांची वेळ रात्री दहाची, सतरा वर्षांखालच्यांना बंदी, आत काय आहे ते आधीच छापून कळवलेलं. सिनेमात देवबाप म्हातारचळ लागलेला, येशू मंदबुद्धी. कॅथलिक धर्मप्रांतानं तक्रार केली आणि पहिल्या खेळाआधीच सिनेमा जप्त. १३ मेला लोक आले, तर त्यांना नुसती पटकथा वाचून दाखवली.

मूळ नाटक ओस्कार पानित्साचं, १८९४ चं. त्यापायी १८९५ साली म्युनिकच्या कोर्टानं त्याला वर्षाची कैद ठोठावली. सिनेमात तो खटलाही आहे. म्हणजे लेखकाला कसं आत घातलं हे सांगणारा सिनेमाच नव्वद वर्षांनी आत!

युरोपच्या करारात कलम ९ धर्माचं स्वातंत्र्य देतं, कलम १० बोलण्याचं. याच कोर्टानं १९७६ साली हँडीसाइड खटल्यात लिहिलं, की समाजाला खुपणारे, हादरवणारे विचारही कलम १० मध्ये बसतात. (आणि त्याच निकालात हँडीसाइडला हरवलं. बोलायचं मोठं, द्यायचं थोडं.) १९९३ साली ग्रीसच्या कोक्किनाकिसला न्याय दिला. हा यहोवाचा साक्षीदार, धर्मप्रचारासाठी साठाहून जास्त वेळा अटक झालेला. तिथं कलम ९ म्हणजे दार ठोठावून आपला धर्म सांगायचा हक्क. पुढच्याच वर्षी त्याच कलमातून भलतंच निघालं: श्रद्धाळूंच्या भावना न दुखावल्या जाण्याचा हक्क. कलमात 'भावना' शब्द कुठं आहे? तीनदा वाचलं. नाही.

तरी सहा विरुद्ध तीन मतांनी ऑस्ट्रियाची सरशी. सरकारनं आकडा पुढं केला, तिरोल प्रांतात ८७ टक्के कॅथलिक. कोर्ट म्हणालं, एवढ्या बहुसंख्येकडं डोळेझाक करता येत नाही. अरे, पण तिकीट काढून आत जायची जबरदस्ती कुणावर होती? यावर कोर्टाचं उत्तर तर इरसाल: जाहिरात झाली, विषय सगळ्यांना कळला, म्हणजे अपमान चारचौघांतच झाला. लोकांना आधी सावध केलं, तेच अंगाशी आलं.

आणि तो शब्द, 'विनाकारण' दुखावणं. कारण आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याला दुखलं तोच? आपल्याकडं १९८७-८८ साली बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून मुंबई पेटली, तेव्हाही भावना हाच शब्द पुढं होता. भावना डोकी मोजून धरायच्या, तर उरलेल्या १३ टक्क्यांनी जायचं कुठं?

मी सिनेमा पाहिलेला नाही. टुकारही असेल. पण २०१८ साली ऑस्ट्रियाच्या त्याच १८८ कलमाखालची शिक्षा याच कोर्टानं पुन्हा उचलून धरली, तेव्हा हा निकाल मेलेला नाही. मिळाला तर शेवटाकडून वाचा. पाल्म, पेक्कानेन, माकार्चिक या तीन न्यायाधीशांचं वेगळं मत तिथं जोडलंय. धार्मिक भावनांच्या संरक्षणाचा हक्क करारात लिहिलेला नाही, हे त्यांनी सरळ सांगितलंय.